मावशीच्या फोनमधला आराखडा

हे प्रकरण इंदूरच्या एका मावशीचं आहे. आत्महत्येचे विचार तिच्या भाच्याला येत होते, पण ज्या ॲपबद्दल मला लिहायचं आहे ते तिच्या फोनमध्ये होतं आणि सगळ्यात जास्त वापरलंही तिनेच. अशा ॲपांबद्दल जे छापून येतं ते बहुधा संकटातल्या माणसाला समोर ठेवून लिहिलेलं असतं. शेजारच्या खोलीत जागणाऱ्या माणसाच्या हातात ते पडलं तर कुठे उपयोगी पडतं आणि कुठे अंगाशी येतं, ते इथे बरंच दिसलं. मी इंदुरात समुपदेशन करते. मावशी माझ्याकडे आली तोवर पहिले तीन आठवडे उलटले होते, त्यामुळे सुरुवातीचा भाग तिच्या आणि मुलाच्या सांगण्यावरून लिहिला आहे. दोघांची संमती आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि काही गोष्टी मुद्दाम लिहिलेल्या नाहीत.

मुलगा २६ वर्षांचा, बुऱ्हाणपूरचा. वडील पॉवरलूमच्या धंद्यात. एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करायला तो इंदूरला आला आणि लोकमान्य नगरात मावशीकडे राहिला. खोलीचं भाडं वाचतं, घरचं जेवण मिळतं, आणि सिटी बसने भंवरकुआ गाठता येतं, जिथे अर्ध्या मध्य प्रदेशाची पोरं क्लासच्या पाट्यांखाली उभी असतात. पूर्वपरीक्षा झाली, मुख्य परीक्षा झाली, आणि त्याचं नाव लागलं ते तेरा टक्क्यांच्या यादीत.

बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. मध्य प्रदेशात ओबीसी आरक्षण २०१९ मध्ये १४ वरून २७ टक्के केलं गेलं आणि ते न्यायालयात अडकलं. तेव्हा २०२२ पासून निकाल दोन तुकड्यांत लागू लागले: ८७ टक्के जागांचा अंतिम, उरलेल्या १३ टक्क्यांचा राखून ठेवलेला. तेरा टक्क्यांत नाव आलेला मुलगा पास म्हणावा तर पास नाही, नापास म्हणावा तर नापास नाही. नातेवाईक लग्नकार्यात विचारतात, "मग, झालं का तुझं?" आणि त्याच्याकडे होही नसतं, नाहीही नसतं.

म्हणून निकालामुळेच तो या टोकाला आला, असं मात्र मी लिहिणार नाही. २०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदीत देशभरात १,७०,९२४ आत्महत्या आहेत. महाराष्ट्र आणि तमिळनाडूखालोखाल मध्य प्रदेशाचा क्रमांक लागतो, १५,३८६. त्या नोंदीत परीक्षेतलं अपयश हे कारण सव्वा टक्क्याच्या आसपास आहे आणि कौटुंबिक अडचणी जवळपास ३२ टक्के. पोलिसांनी रकान्यात भरलेलं कारण ते. त्यावर किती विसंबायचं हा वेगळा प्रश्न. पण एका माणसाला एक कारण चिकटवणं तसंही खरं नसतं. या मुलाच्या बाबतीत झोप उडालेली होती, नैराश्य होतं आणि त्यावर कधीच उपचार झालेले नव्हते, मोठ्या भावाशी बोलणं बंद होतं, आणि वडिलांच्या धंद्यावर कर्ज होतं. निकाल या सगळ्याच्या वर येऊन बसला.

डिसेंबरात त्याने आपल्या नोट्स क्लासमधल्या एका नवख्या मुलाला देऊन टाकल्या. चार वर्षं हाताने लिहिलेल्या. मावशीला वाटलं, मन मोठं आहे पोराचं. मग अभ्यासाचे व्हॉट्सॲप ग्रुप सोडले. रात्रभर दिवा, दिवसभर झोप. आणि मग एका आठवड्यात तो एकदम निवळला. हसायला लागला, काकांची जुनी सायकल दुरुस्त करून आणली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं, फक्त मावशीला नाही. कारण जेवताना तो सहज बोलावं तसं म्हणाला होता, "अजून थोडे दिवस गं, मग तुला माझा त्रास नाही राहणार."

बहिणीला फोन करावा तर ती रडेल. भाऊजींना करावा तर ते ओरडतील. काका म्हणाले, "उगाच तू काय मनात आणून राहिली आहेस?" रात्री साडेअकराला मावशीने फोनवर ॲपचं दुकान उघडलं आणि इंग्रजीत 'सुसाइड हेल्प' असं टाकलं. ती एका शाळेच्या कार्यालयात काम करते. फॉर्म, पोर्टल, ओटीपी यांना बिचकणारी नाही.

पहिलं ॲप उघडलं तर मधे भविष्याची जाहिरात, आणि तातडीच्या मदतीचा लाल गोळा दाबला की ९८८. हा अमेरिकेचा क्रमांक आहे, २०२२ च्या जुलैत सुरू झालेला, तिथे उत्तम. लोकमान्य नगरातून त्याचा काय उपयोग? हे एकाच ॲपचं दुखणं नाही. २०१९ मध्ये 'बीएमसी मेडिसिन' या नियतकालिकात ६९ ॲपांची तपासणी प्रसिद्ध झाली होती. पुराव्याने टिकलेले सहाही उपाय ज्यांत आहेत अशी ॲपं त्यात पाचच निघाली. काहींमध्ये मदतवाहिनीचे क्रमांक चुकीचे किंवा अस्तित्वातच नसलेले होते, आणि ती ॲपं मिळून वीस लाखांहून जास्त वेळा डाउनलोड झाली होती. बाकीच्या त्रुटी एक वेळ चालतील. ज्या क्षणी माणूस लाल गोळा दाबतो त्या क्षणी समोरून कुणी बोलायलाच हवं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला मी सांगते, कुठलंही ॲप घ्या, पण त्यातला क्रमांक आज, सगळं ठीक असताना, एकदा लावून बघा.

मावशीने ते ॲप काढून टाकलं आणि दुसरं घेतलं. ब्रिटनमधल्या ब्रायटनच्या ग्रासरूट्स संस्थेचं 'स्टे अलाइव्ह', ऑस्ट्रेलियातल्या बियॉन्ड ब्लूने आणलेलं 'बियॉन्ड नाऊ' ही या प्रकारातली जाणती नावं. तिने घेतलेलं त्याच घाटाचं होतं. त्यात दोन भाग होते. एक संकटातल्या माणसाने स्वतः भरायचा सुरक्षा आराखडा, आणि दुसरा 'मला कुणाची तरी काळजी वाटते आहे' असं म्हणणाऱ्यासाठी. तिने दुसरा उघडला. इंग्रजी होतं, पण सोपं. त्यातलं एक वाक्य वाचून तिने फोन उलटा ठेवला: थेट विचारा, 'आत्महत्या' हा शब्द वापरून विचारा.

आपल्याकडे हे कुणी करत नाही. "असं काही वेडंवाकडं मनात आणू नकोस हं," एवढ्यावर आपलं विचारणं संपतं. त्या वाक्याला उत्तर एकच असतं, "नाही आणत." विचारणाऱ्यालाही तेच ऐकायचं असतं. मागची भीती अशी की नाव घेतलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल. ही भीती तपासून झालेली आहे. २०१४ मध्ये लंडनच्या संशोधकांनी तेरा अभ्यास एकत्र ठेवून पाहिले. विचारल्यामुळे आत्महत्येचे विचार वाढल्याचं कुठे आढळलं नाही, उलट काही ठिकाणी विचारल्यावर त्रास कमी झालेला दिसला. पॉल क्विनेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये सामान्य माणसांसाठी जी तीन पायऱ्यांची पद्धत बांधली, विचारा, पटवा, मदतीपर्यंत पोचवा, तिची पहिली पायरी हीच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मटार सोलताना तिने विचारलं. समोरासमोर बसून नाही. दोघांचे डोळे ताटलीकडे होते. मी तिला शब्द जसेच्या तसे आठवायला सांगितले, कारण अशा वेळी नेमकं काय बोलायचं हेच लोकांना हवं असतं. ती म्हणाली: "तू नोट्स देऊन टाकल्यास, झोपत नाहीस, आणि परवा म्हणालास माझा त्रास राहणार नाही. मला सरळ सांग, आत्महत्येचे विचार येतात का तुला?"

तो बराच वेळ सोलत राहिला. मग म्हणाला, "हो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

तिने "अरे देवा" म्हटलं नाही, आईवडिलांची आठवण करून दिली नाही, आम्ही तुझ्यासाठी काय काय केलं हे काढलं नाही. यात ॲपचा वाटा होता असं ती मानते, कारण 'हे बोलू नका' अशी यादी तिने रात्री तीनदा वाचली होती. तिने पुढचा प्रश्न विचारला: कसं करायचं, हे ठरवलं आहेस का? त्याने हो म्हटलं. ते काय होतं हे इथे लिहीत नाही, वाचणाऱ्याला त्याची गरज नाही. ठरवलेलं असणं आणि ते हाताशी असणं, या दोन गोष्टींनी धोका किती जवळ आहे ते कळतं, एवढं पुरे. मग तो म्हणाला, "बाबांना सांगू नकोस, तुला माझी शपथ."

मावशीने शपथ घेतली नाही. "काय सांगायचं ते तुझ्यासमोर ठरवू. पण गप्प बसणार नाही, हे आत्ताच सांगते."

त्या संध्याकाळी तिने १४४१६ लावला. टेली मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स संस्था तिची शिखर संस्था आहे, फोन फुकट, चोवीस तास, आणि मराठीसह वीस भाषांत बोलता येतं. १८००-८९१-४४१६ हाही तिचाच क्रमांक. दोन वर्षांनी, त्याच तारखेला, तिचं मोबाइल ॲपही आलं. फोन संकटातल्या माणसानेच करायला हवा असं नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. मावशीने आधी स्वतःसाठी लावला: "माझ्या घरात असं आहे, मी आज रात्री काय करू?" तिकडून तिला नेमकं सांगितलं गेलं. आज रात्री त्याला एकटं ठेवू नका, धोक्याच्या वस्तू त्याच्या हाताशी राहू देऊ नका, उद्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, आणि मधेच परिस्थिती बिघडली तर वाट न बघता ११२ किंवा १०८ लावा. मग फोन त्याच्याकडे दिला. तो जवळजवळ पाऊण तास बोलला, हिंदीत. मराठी घरातला मुलगा, पण मनातलं बोलायला त्याला हिंदीच सोपी. इंदूरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला त्यात नवल वाटणार नाही.

काकांनी त्या रात्री काही न विचारता आपली गादी त्याच्या खोलीत टाकली.

दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. डॉक्टरांनी औषध सुरू केलं, आठवड्याने परत बोलावलं, दाखल करायची गरज आत्ता नाही पण घरात कुणीतरी सतत हवं, असं सांगितलं. काकांना एकच धास्ती होती, 'पोलीस केस' होईल का. इथे काही घडलेलंच नव्हतं, त्यामुळे प्रश्नच नव्हता. पण ही धास्ती इतकी घरं अडवते की सांगून ठेवते: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ असं मानतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, आणि त्याला शिक्षा नाही, सरकारने त्याची काळजी घ्यायची आहे. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत घेतलेलंच नाही.

आता ॲपचा पहिला भाग, आराखडा. याचं मूळ कागदी आहे. बार्बरा स्टॅन्ले आणि ग्रेगरी ब्राउन यांनी अमेरिकेत तो तयार केला. माणूस शांत असताना त्याच्याकडूनच सहा गोष्टी लिहून घ्यायच्या: लाट येते आहे हे कशावरून कळतं, एकट्याने काय केलं की ती थोडी ओसरते, कुठे गेलं, कुणात बसलं की मन दुसरीकडे वळतं, मदत कुणाकडे मागता येईल, डॉक्टर आणि मदतवाहिनी कोणती, आणि घर सुरक्षित कसं करायचं. २०१८ मध्ये 'जामा सायकिॲट्री'त आलेल्या अभ्यासात, रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात हा आराखडा करून घेतला आणि नंतर फोन करून चौकशी ठेवली, तर पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन नेहमीच्या उपचारांच्या मानाने जवळपास निम्मं झालं. ॲप विकणारे हा आकडा आवडीने सांगतात. पण त्या अभ्यासात समोर प्रशिक्षित माणूस बसला होता आणि नंतरचे फोनही माणसांनीच केले होते. ते श्रेय पडद्यावरच्या सहा रिकाम्या चौकटींना देता येत नाही.

आमच्या मुलाने आधी त्या चौकटी एकट्याने भरल्या. इंग्रजीत, उत्तरपत्रिका लिहावी तशा. 'श्वासाचे व्यायाम', 'संगीत', 'सकारात्मक विचार'. डॉक्टरांनी वाचून विचारलं, "यातलं तू खरंच काय करतोस?" तो हसला. तपासणीत मार्क मिळावेत म्हणून लिहिलं होतं ते.

दुसऱ्यांदा मावशी आणि तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले आणि चौकटी मराठीत भरल्या. त्या भरलेल्या चौकटी मी पाहिल्या आहेत. लाटेची खूण म्हणून लिहिलं होतं: 'तीन वाजता जाग येते आणि निकालाचं पान उघडतो.' एकट्याने करायचं: 'फोन काकांच्या खोलीत ठेवायचा, गच्चीवर नाही, अंगणात फिरायचं.' गच्चीवर नाही, हे त्याने स्वतः घातलं. माणसं आणि जागा: 'सकाळी काकांबरोबर सिरपूर तलाव, पक्षी'. तिथे हिवाळ्यात बाहेरून पाणपक्षी येतात आणि काका बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांची वही ठेवतात. 'बुऱ्हाणपूरचा मित्र: फक्त क्रिकेट, निकाल विचारणार नाही.' मदत मागायची तर मावशी, मग भंवरकुआला खोली करून राहणारा क्लासमधला मित्र. वडिलांचं नाव त्याने लिहिलं, पुसलं, परत लिहिलं आणि पुढे कंसात टाकलं, 'मावशीमार्फत'. सहाव्या चौकटीतली व्यवस्था मावशी आणि काकांनी त्याच दिवशी केली, त्याच्यासमोर.

क्लासमधल्या मित्राचं नाव लिहिण्याआधी त्या मित्राला विचारलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. यादीत नाव आहे आणि त्या माणसालाच पत्ता नाही, असं फार आराखड्यांत असतं. मावशीने त्याला घरी बोलावलं, पोहे-जलेबी खायला घातली आणि सांगितलं, "तो तुझ्याकडे आला तर उपदेश करायचा नाही. बसवायचं, चहा द्यायचा, आणि मला फोन." आराखड्याची एक प्रत मुलाच्या फोनमध्ये राहिली आणि एक, त्याच्या परवानगीने, मावशीच्या.

वडील आले तिसऱ्या दिवशी. इथून प्रकरण वाकडं जायला लागलं, आणि त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

आल्या आल्या त्यांनी मुलाला देवघरासमोर उभं केलं आणि आईची शपथ घ्यायला लावली, की असं पुन्हा मनातही आणणार नाही. त्याने घेतली. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांना वाटलं काम झालं. शपथ हा आपल्या घरांतला सगळ्यात जुना उपाय आहे. डॉक्टरही एके काळी रुग्णाकडून लेखी वचन घेत असत. त्याने आत्महत्या टळतात असा पुरावा काही मिळाला नाही, आणि ती पद्धत मागे पडली. विचार आणणं त्याच्या हातात नाही, न आणण्याची शपथ मात्र त्याच्या गळ्यात. आता विचार आला की तो आईच्या जिवावर उठल्यासारखा होणार, म्हणजे तो सांगणार नाही. आराखड्यातली पहिली चौकट, लाट येते आहे ती ओळखून कुणालातरी बोलणं, त्या शपथेने बंद केली. तीन वाजता जाग आल्यावर तो मावशीला उठवायचा, ते थांबलं.

दुसरं, वडिलांनी धाकट्या पुतण्याकडून एक ॲप मिळवलं आणि मुलगा झोपलेला असताना त्याच्या फोनमध्ये टाकलं. तो कुठे आहे, काय शोधतो आहे, कुणाशी बोलतो आहे, सगळं बुऱ्हाणपुरात दिसणार. बापाचं मन मला समजतं. दोनशे किलोमीटरवर मुलगा, लूम सोडून राहता येत नाही, आणि हातात फोन. काही न करण्यापेक्षा काहीतरी.

मुलाला ते चार दिवसांनी सापडलं. त्याने ते काढलं, त्याबरोबर आराखड्याचं ॲपही काढलं, फोन बंद केला आणि घरातून निघून गेला. संध्याकाळचे सहा. बापाच्या पडद्यावरचा ठिपका गायब. लोकमान्य नगर ते बुऱ्हाणपूर फोनाफोनी, रडारड, काका स्कूटर घेऊन तलावाकडे. मावशीने आपल्या फोनमधली प्रत उघडली. चौथ्या चौकटीतला मित्र. फोन लावण्याआधीच त्याचा आला: "मावशी, इथे आहे. चहा देऊन राहिलो आहे. रडतोय, पण आहे."

त्या संध्याकाळी मुलाला घराबाहेर ढकललं ते त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्या ॲपने, आणि तो दोन मिनिटांत सापडला तो आराखड्यातल्या एका नावामुळे, पोहे खाऊन कामाला लागलेल्या मित्रामुळे.

अशी गोष्ट मोठ्या प्रमाणावरही घडून गेली आहे. ब्रिटनमध्ये समॅरिटन्स या जुन्या मदतवाहिनी संस्थेने २०१४ च्या ऑक्टोबरअखेर 'समॅरिटन्स रडार' नावाचं ॲप आणलं होतं, मदत करणाऱ्यांसाठीच. तुम्ही ट्विटरवर ज्यांना वाचता त्यांच्या लिखाणात निराशेचे शब्द आले की तुम्हाला सूचना येणार. ज्यांचं लिखाण तपासलं जात होतं त्यांना कुणी विचारलं नव्हतं, कळतही नव्हतं. मानसिक आजारातून जाणाऱ्यांनीच सगळ्यात जोरात विरोध केला: आम्ही लिहायचं थांबवू, आणि आम्हाला छळणाऱ्यांच्या हातात हे पडलं तर? दहा दिवसांच्या आत ते बंद झालं आणि परत आलं नाही. त्या संस्थेचा साठ वर्षांचा अनुभवही त्याला वाचवू शकला नाही.

वडिलांना हे पटायला वेळ लागला. मावशी त्यांना घेऊन माझ्याकडे आली ती याच सुमारास. ते म्हणाले, "मॅडम, मग मी काय करू? डोळे मिटून बसू?" प्रश्न खरा होता. तिघांना एकत्र बसवलं. मुलगा म्हणाला, बाबांनी विचारलं असतं तर लोकेशन मी स्वतः दिलं असतं. मग ठरलं ते असं: व्हॉट्सॲपवरचं लाइव्ह लोकेशन, तो स्वतःच्या हाताने चालू करणार, फक्त मावशीला, क्लासहून घरी येईपर्यंत. डॉक्टरांची पुढची भेट झाली की पुन्हा विचार. बापाला ठिपका दिसणार नाही. पण रोज रात्री नऊला मुलगा फोन करणार, आणि त्या फोनवर निकाल, क्लास, कर्ज हे विषय बंद. पहिले काही दिवस ते फोन मिनिटभरात संपत. मग वडिलांनी लूमवरच्या कारागिरांचे किस्से सांगायला सुरुवात केली.

शपथ मात्र मागे कशी घ्यायची? यावर वडीलच तोडगा घेऊन आले. त्यांनी मुलाला सांगितलं, "मी तुला बांधलं, मीच सोडतो. विचार आला तर लपवायचं नाही, एवढं कर." मुलाने मला नंतर सांगितलं की सगळ्या प्रकरणात त्याला खरा सुटल्यासारखा वाटलेला क्षण तो होता. औषधाचा परिणाम दिसायलाही तोवर काही आठवडे झाले होते, झोप येऊ लागली होती, त्यामुळे कशाचा किती वाटा हे मी वेगळं करू शकत नाही.

मावशीबद्दल. पहिल्या महिन्यात ती रात्री दर तासाला उठून त्याच्या खोलीत डोकावायची, काका तिथे झोपलेले असूनही. शाळेत एकाच मुलाची फी दोनदा नोंदवली. रक्तदाब वाढला. तिच्या ॲपमध्ये भाच्यासाठी सहा चौकटी होत्या. तिला स्वतःला झोप लागते का, हे विचारणारी एकही नव्हती. मदत करणाऱ्यांसाठी म्हणून बनवलेल्या बऱ्याच ॲपांत ही उणीव आहे: काय बोला, काय बोलू नका, कुठे फोन करा, हे सगळं असतं, पण मदत करणारा माणूस जणू कधी थकतच नाही असं धरलेलं असतं. तिने पुन्हा १४४१६ लावला, या वेळी पूर्णपणे स्वतःबद्दल बोलायला. तिथल्या बाईंनी तिला पहारे वाटून घ्यायला सांगितलं. मंगळवार आणि शुक्रवारच्या रात्री तिच्याकडून काढून घेतल्या. त्या दोन दिवशी मावशीची पुण्याची मुलगी रात्री अकरापर्यंत भाच्याशी व्हिडिओवर पत्ते खेळते आणि नंतर काका बघतात. मावशीला त्या रात्री खोलीत डोकावायची बंदी आहे. पहिल्या शुक्रवारी तिने ती मोडली.

या ॲपांचं मराठीत काय, हा प्रश्न मला अनेक जण विचारतात. टेली मानसवर मराठीत बोलता येतं, ते आहेच. परदेशी आराखडा-ॲपांतल्या सूचना इंग्रजीत असल्या तरी चौकटीत देवनागरी लिहिता येतं आणि बऱ्याच ॲपांत क्रमांक स्वतःचे घालता येतात; तिथे आधी १४४१६ घाला. जे ॲप क्रमांक बदलू देत नाही ते मी सुचवत नाही. ज्याला नोंदणी करताना नाव, ईमेल, जन्मतारीख सगळं हवं असतं, तेही नाही. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण एखाद्याच्या मनातली इतकी नाजूक गोष्ट कुठल्या देशातल्या सर्व्हरवर जाते हे आधी बघायला हवंच. यातलं काही जमलं नाही तर शाळेच्या वहीचं एक पान चालतं. स्टॅन्ले-ब्राउनचा आराखडा कागदावरच सुरू झाला होता.

आज मुलगा एका क्लासमध्ये उत्तरपत्रिका तपासायचं काम करतो, औषध चालू आहे, विचार अधूनमधून येतात. फेब्रुवारीत एकदा रात्री तीन वाजता त्याने मावशीला उठवलं आणि दोघं अंगणात बसले. आराखडा दोनदा बदलला. कंसातलं 'मावशीमार्फत' त्याने काढलं, बुऱ्हाणपूरच्या मित्रापुढे आता 'निकालही चालेल' असं आहे. मोठ्या भावाचं नाव अजून कुठल्याच चौकटीत नाही. तेरा टक्क्यांचा निकाल लागायचा आहे. पहिल्या चौकटीत त्याने आपणहून एक ओळ वाढवली: 'निकाल जाहीर होईल तो आठवडा, कसाही लागला तरी.' त्या आठवड्यात इंदूरला येऊन कोण राहणार, यावर घरात बरीच घासाघीस झाली. वडील बॅग भरायला तयार होते. मुलाने आईला बोलावलं आहे.